आधीचा फिटर

आधी बॅटरीची काळी तार.
दहाचा पाना, अर्धा फेरा,
आणि डॅशबोर्डवरचं घड्याळ विझतं.
मग कोणाशी बोलायचं नाही.

प्लास्टिकची पट्टी जाळीखालून सारायची
(स्क्रूड्रायव्हर नाही, तो ओरखडा ठेवतो)
आणि ऐकायचं:
टक्. थांब. टक्.
चौथी क्लिप अडते. ती नेहमी अडते.
तिला जोर नको, थोडं ऊन हवं,
म्हणून मी गाडी पश्चिमेला तोंड करून लावतो
कोपरखैरण्याच्या या गल्लीत,
जिथे चारच्या सुमाराला ऊन दोन बिल्डिंगींमधून
बरोबर एका गाडीपुरतं येतं.

गाडी डोईफोडे बाईंची.
जुनी वॅगन आर, तिसऱ्या हाताची, वरून रंग मारलेली.
बाई प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर नव्या सेटचं खोकं,
मुलीचा पेपर सुटायची वाट बघावी तशा.
त्यांना एवढंच हवंय:
"बसवलाय असं वाटू नये. होताच, असं वाटावं."

कंपनीचं भोक कंपनीच्या सेटसाठी असतं.
बाहेरच्याला चौकट लागते.
चौकटीला डावीकडे पोस्टकार्डाएवढी फट उरते,
उजवीकडे चौकट तेवढीच जास्त होते.
कानस. मग चारशे नंबरचा पेपर, पाण्यात बुडवून.
घासायचं, लावून बघायचं, काढायचं,
घासायचं.
शेवटी नख फिरवायचं कडेवरून.
डोळा फसतो, नख फसत नाही.

जुना सेट ओढला तसा मागून तारांचा गुंता आला,
मोरीच्या जाळीतून केस निघावेत तसा.
कपलर कापलेला.
पिवळी लालला नुसती पिळलेली, सोल्डर नाही,
वर काळी टेप, तिचा उन्हाने डिंक झालेला.
कोपऱ्यात टवका, त्यावर फेविक्विकचा वाळका थेंब.
बाईंनी वाकून पाहिलं.
"कोण गाढव होता हो हा?"

मी सांगणारच होतो,
असेच असतात, दोनशे रुपयांत उरकणारे.
तोंड उघडलंसुद्धा.
मग गाठ दिसली.

तारांची जुडी निळ्या नायलॉनने बांधलेली
आणि गाठ जाळ्याची.
ती दुकानात शिकवत नाहीत.
दिवाळे गावात आजा हसुराम ओटीवर जाळं शिवायचा,
मी सुई भरून द्यायचो.
वाशीला वर्गीसच्या हाताखाली लागलो
तेव्हा झिप टाय संपले की माझ्या खिशात
आज्याचा दोरा असायचा.
वर्गीस जेवायला गेलेला.
गाडी तेव्हा पांढरी होती. बहुतेक.
मालकाला विमानतळ गाठायचा होता
आणि मला, पहिल्यांदाच एकट्याने,
सेट वाजवून दाखवायचा होता.
वाजला होता.
वर्गीस म्हणायचा, वाजतो तर सगळ्यांचाच,
गाडी खड्ड्यात गेली की फिटर कळतो.
सोळा वर्षं ही खड्ड्यांतून जातेय.

"होता एक," मी म्हटलं.
"शिकत होता."

सगळं कापलं. नवा कपलर,
एकेका जोडाला सोल्डर, वर नळी, नळीला गरम हवा.
ऊन गेलं. कपाळाला दिवा बांधला.
"हे वायरिंगचे वेगळे किती?"
"काही नाही. ते मागेच दिलेत कुणीतरी."
बाईंना वाटलं मी हिशोबात कच्चा आहे.

गाठीला कटर लावला
आणि परत काढला.
तिने काही बिघडवलं नव्हतं.

सेट आत सरकला. कडेवरून नख फिरवलं,
कुठे थांबलं नाही.
काळी तार जोडली.
घड्याळ बारा वाजल्याचं दाखवू लागलं,
मी सात वाजून दहा मिनिटं लावली
आणि बाईंना शेजारी बसवून
सेक्टरच्या तिन्ही ब्रेकरांवरून गाडी नेली,
काचा वर, एसी बंद.

दुसऱ्या ब्रेकरला त्या म्हणाल्या, "अहो, लावा की काहीतरी!"
म्हटलं, थांबा.
काही वाजत नाहीये ना,
ते आधी ऐकू द्या.